झुडपी जंगल आणि माझा धुरा

आमच्या गावच्या महसुली कागदात एक शब्द आहे, 'झुडपी जंगल'. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो सांगावा लागतो. वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली, या जिल्ह्यांतच हा प्रकार. झाडं ठेंगणी, मुरूम वर आलेला, नांगराला नालायक. पण गावाची ढोरं तिथंच चरायची, चुलीला काड्या तिथूनच यायच्या.

मालगुजारीत ही बरडी मालगुजाराची असे. गावानं तिथून काय घ्यायचं, कुठं चारायचं, हा निस्ताराचा हक्क मात्र लिहिलेला. १९५१ साली मालगुजारी गेली, जमीन सरकारची झाली. हक्क कागदावर राहिले. कागदावर कधीच नव्हतं, ते हळूहळू गेलं.

ते काय होतं, सांगतो. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत बरडीचं एक अंग बंद असे. दरवर्षी अंग बदलायचं. माझा आजा काठी घेऊन तिथं बसे. गायकी ढोरं घेऊन आला की ओरडे, "अरे, बी तं पडू दे! मंग चार तुया ढोराईले." ढोर आधी मारवेल खाते, पवन्या खाते. त्यांचं बी पडायच्या आतच ते खाल्लं गेलं, तर दोन-चार वर्षांत तिथं कुसळी माजते आणि मागून तरोटा. तरोट्याची भाजी माणूस खातो, ढोर तोंड लावत नाही. शाळेत आम्हाला लोकसंख्येचा धडा होता, पण तो फक्त माणसांचा. गवताचीही संख्या असते, हे आजा न शिकता जाणत होता.

आमच्या कारंजा, आर्वी, आष्टीकडची गवळाऊ गाय याच गवतावर वाढली. पांढरी, सडपातळ, पायानं चपळ. दमणीला जुंपा की शंकरपटात पळवा. हेटीकुंडीला सरकारचं या जातीचं पैदास केंद्र आहे. वळू तिथून आणता येतो. बरडी तिथून आणता येत नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीत राहून ग्रामोद्योगाचं काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी १९४५ साली तुरुंगात एक पुस्तक लिहिलं, 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स'. निसर्गातलं काही वापरलं की संपतं, काही पुन्हा-पुन्हा येत राहतं, हा त्यातला भेद. बरडी दुसऱ्या प्रकारातली होती. तिला पहिल्या प्रकारात आम्ही नेलं. आम्ही म्हणजे मीसुद्धा.

माझं वावर बरडीला लागून. तरुणपणी कपाशीचा हावरेपणा होता. दर उन्हाळ्यात धुरा मोडून दोन-दोन तास आत सरकायचो. सात-आठ वर्षांत एकरभर झालं. बाजूचेही सरकत होते, त्यामुळं कोणी कोणाला बोलायचं नाही. उरलेल्या तुकड्यात ढोरं तेवढीच, शेळ्या जास्त. मग कोणतं अंग बंद ठेवणार? आजा एकदा जुन्या धुऱ्यावरच्या पळसाच्या थुटापर्यंत चालत गेला, माझी तासं मोजली आणि एवढंच म्हणाला, "ढोरं इकाची यळ आली तं मले सांगजो."

ती वेळ आली तेव्हा तो नव्हता. चौदातल्या उरलेल्या सात गवळाऊ मी आर्वीच्या बाजारात विकल्या. त्या एकरात कपाशी तीन वर्षं बरी झाली, मग मुरूमच उघडा पडला.

१९८० च्या वनसंवर्धन कायद्यापासून झुडपी जंगल जंगल की महसुली जमीन, हा वाद चालला. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं ते जंगलच धरलं. गावात पुष्कळ लोक नाराज आहेत. मला ते बरं वाटलं, हे मी चावडीवर बोललो नाही, इथं लिहितो. पण नुसतं जंगल म्हटल्यानं तरोटा जात नाही.

तीन वर्षं झाली, तो एकर मी पेरत नाही. पहिल्या वर्षी सगळा तरोटा. फुलायच्या आत उपटला. यंदा थुटाजवळ मारवेलाचे सहा-सात ठोंब दिसले. शेजाऱ्याच्या शेळ्या संध्याकाळी त्याच वाटेनं परततात, म्हणून दिवाळीपर्यंत मी चार वाजता काठी घेऊन तिथं जाऊन बसतो.