विद्याधरीची वंशावळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असा आपल्याकडे जुना दंडक आहे. परंतु कथेचे कूळ विचारण्यास कोणाची हरकत असू नये, आणि जिचा सारा कार्यभाग मुळी नायकनायिकेच्या कुळाच्या गुप्ततेवर उभा आहे त्या कथेच्या बाबतीत तर ही चौकशी तिच्या स्वभावाला धरूनच होईल. परीलोकीच्या राजपुत्रावर जीव जडलेली एक सामान्य मुलगी अखेरीस स्वतःच परीवंशाची निघते, अशा आशयाच्या इंग्रजी कादंबऱ्या आज नांदेड-लातूरकडील तरुण मुले मोठ्या आवडीने वाचतात आणि हा माल थेट विलायतेहून आला असे समजतात. वस्तुतः या जातीच्या कथांचे भारतातील आद्य भांडार नांदेडहून वर, त्याच गोदावरीच्या काठी, पैठणास भरले गेले. ते भांडार म्हणजे गुणाढ्याची बृहत्कथा.

मूळ पैशाची ग्रंथ लुप्त झाला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सूर्यमती राणीच्या मनोविनोदार्थ सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात आणि क्षेमेंद्राच्या बृहत्कथामंजरीत त्याचा सारांश उरला आहे. सोमदेव जी हकीकत देतो तिच्यात नवलाची गोष्ट अशी की, विद्याधरांच्या कथा सांगणाऱ्या गुणाढ्याचे स्वतःचे जन्मवृत्तही तसल्याच एखाद्या कथेतून उचलल्यासारखे आहे. प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, देशातील सोमशर्मा नामक ब्राह्मणाची कन्या श्रुतार्था अविवाहित असता गर्भवती झाली, तेव्हा वत्स आणि गुल्म हे तिचे भाऊ एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. त्यावर तिने सांगितले की, स्नानास जात असता नागराज वासुकीचा पुतण्या कीर्तिसेन याने आपणास पाहिले व गांधर्वविधीने वरिले. भावांची खातरजमा करण्यासाठी तो नागकुमार स्मरणमात्रे प्रकट झाला आणि यथाकाल गुणाढ्य जन्मास आला.

ज्या राजाच्या पदरी हा कवी होता त्याचीही कुळकथा याच घाटाची आहे. निपुत्रिक द्वीपिकर्णी राजाला स्वप्नात शंकराने सांगितले की, अरण्यात सिंहावर बसलेला एक मुलगा आढळेल, त्याला घरी आण. राजाने सिंहाला बाण मारताच त्याचा पुरुष झाला आणि म्हणाला, मी कुबेराचा सखा सात नामक यक्ष. एका ऋषिकन्येशी मी गांधर्वविवाह केला म्हणून तिच्या आप्तांनी आम्हा दोघांना सिंहयोनीचा शाप दिला, आणि हा आमचा मुलगा. तोच सातवाहन. राजवंशाची आणि राजकवीची अशी दोन्ही मुळे एकाच पुस्तकात मनुष्येतर योनीत नेऊन सोडलेली पाहिली म्हणजे हा केवळ कल्पनाविलास नव्हे, यात काही व्यवहार आहे, अशी शंका येऊ लागते.

माझ्या मते तो व्यवहार उघड आहे. दप्तरात पित्याचे वा वंशाचे नाव जिथे लागत नाही, किंवा लागते ते सांगण्याजोगे नसते, तिथे यक्ष, नाग, अप्सरा यांची नेमणूक होते. याचा पुरावा खुद्द बृहत्कथेच्या दोन शाखांत सापडतो. नेपाळात मिळालेल्या बुधस्वामीच्या श्लोकसंग्रहात कथेचा नायक नरवाहनदत्त याची प्रिया ही कलिंगसेना नामक गणिकेची मुलगी आहे. काश्मीरच्या शाखेत हीच कलिंगसेना तक्षशिलेच्या राजाची कन्या बनते आणि तिची मुलगी मदनमंचुका साक्षात रतीचा अवतार ठरते. गणिकाकन्येने सम्राज्ञी व्हावे हे श्रोत्यांना न पटणारे. रतीने व्हावे याला कोण ना म्हणेल? परीची कथा पंखांवर उडते असे दिसते खरे, पण तिला उडवणारा वारा जन्मदाखल्याचा आहे.

नांदेड व लातूर या आपल्या दोन जिल्ह्यांचा या वंशावळीशी संबंध दुरूनच येतो, पण येतो. कामसूत्रावरील जयमंगला टीका दक्षिणापथातील वत्स व गुल्म या दोन राजपुत्र भावांवरून वत्सगुल्म हे देशनाम पडल्याचे सांगते. वत्सगुल्म म्हणजे वाशीम. वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याने तेथून दिलेला ताम्रपट १९३९ साली उजेडात आला, आणि त्यात दान दिलेले गाव नांदीकडच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तर मार्गातील आहे. श्रुतार्थेचे भाऊ आणि हे राजपुत्र एकच, असा दावा मी करीत नाही. पण नावे अशी जोडीने जवळच फिरतात. लातूरचे म्हणाल तर राष्ट्रकूट स्वतःस लट्टलूरपुरवराधीश्वर म्हणवीत, आणि राज्य स्थिरावल्यावर पुढील ताम्रपटांतून त्यांनी यदुवंशाशी नाते जोडले. यक्षाची गरज त्यांना लागली नाही, पुराणाने भागले.

पंख मात्र आपले नव्हेत. निलंग्याच्या नीलकंठेश्वरावर किंवा देगलूर तालुक्यात होट्टलच्या सिद्धेश्वरावर ज्या सुरसुंदरी आहेत त्यांच्या खांद्यांवर पिसाचीही खूण नाही. विद्याधर तर नावाप्रमाणे विद्येच्या बळावर आकाशगमन करीत. पंख फारसी परीबरोबर दख्खनेत आले. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात गोवळकोंड्याच्या गव्वासीने सैफुल मुलूक व बदीउल जमाल ही दखनी मसनवी लिहिली; तिच्यात मिसरचा शहजादा परीच्या तसबिरीवर आशक होतो. या परीचे कूळ पहिल्यापासून जगजाहीर आहे, गुप्त आहे तो फक्त तिचा पत्ता. म्हणूनच ती मला विद्याधरींहून किंचित फिकी वाटते. इकडे गावोगाव विहिरींवर आणि नदीकाठी शेंदूर फासलेले सात दगड म्हणजे साती आसरा. अप्सरांचेच हे घरगुती रूप, आणि त्यांचा संबंध प्रेमापेक्षा भयाशीच अधिक.

मराठी गद्यात अद्भुत प्रेमकथांचा हा प्रकार हळब्यांच्या मुक्तामालेने १८६१ साली आणि रिसबुडांच्या मंजुघोषेने १८६८ साली पुन्हा रुजवला, आणि १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांविषयीच्या निबंधात असल्या अद्भुतरम्य रचनेचा झाडा घेतला. परंतु या वाङ्मयाविरुद्ध पहिली तक्रार त्याहून कितीतरी आधी, सातवाहनाच्या मुदपाकखान्यातून दाखल झाली होती. राजाने ग्रंथ नाकारल्यावर गुणाढ्य अरण्यात अग्निकुंड पेटवून एकेक पान वाचून जाळू लागला. ऐकणारे मृग चरणे विसरून अश्रू ढाळीत उभे राहिले, आणि राजाच्या ताटात वाळके मांस येऊ लागले. आचाऱ्यांनी पारध्यांवर बोट दाखवले, पारध्यांनी कवीवर. राजा धावत गेला तेव्हा सात लक्ष श्लोकांपैकी सहा लक्षांची राख झाली होती. उरलेला एक लक्ष, म्हणजे नरवाहनदत्त आणि त्याच्या विद्याधरी यांची कथा, गुणाढ्याने आधीच बाजूला काढून ठेवली होती; कारण एवढेच की, त्याच्या शिष्यांना ती फार आवडत असे.