कर्ण्यापासून तारेपर्यंत

भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारींत वारले. आणि ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिलेखक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास येऊन गौहरजानचें गाणें टिपूं लागले तें १९०२ च्या नोव्हेंबरांत. अवघ्या एकवीस महिन्यांच्या अंतरानें महाराष्ट्र एका आवाजाला कायमचा मुकला.

गैसबर्ग यांचें लेखनालय म्हणजे हॉटेलांतील एक मोठी खोली. गायिकेनें कर्ण्यापाशीं तोंड नेऊन मोठ्यानें गावयाचें, तीन मिनिटांत आटोपावयाचें. मेणाच्या तबकड्या मग जर्मनींत हॅनोव्हरला जावयाच्या. म्हणजे राहत्या खोलींत ध्वनिलेखन करणें ही कांहीं आजची टूम नव्हे.

हें सांगण्यास कारण आमचा नातू. बीबीस आमच्या घरीं त्यानें विजेची गिटार आणली, आणि तिचें वादन घरींच कसें टिपावें यावर महिनाभर वाद चालला आहे.

१९२५ च्या सुमारास पाश्चात्य देशांत कर्ण्याची जागा मायक्रोफोननें घेतली. पुढें ती सुधारणा इकडेही आली. अब्दुल करीमखांसाहेबांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका व १९३० नंतरच्या मुद्रिका लागोपाठ ऐकाव्या. गायक एकच, पण दुसऱ्यांत श्वासदेखील ऐकूं येतो. गिटारची गोष्ट मात्र निराळी. १९३२ मध्यें अमेरिकेंत रिकनबॅकर यांची विजेची गिटार विक्रीस आली. तिच्यांत लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. पोलादी तार कांपली कीं त्यांत प्रवाह उत्पन्न होतो. नाद कानीं पडण्यापूर्वीं तो वीजच असतो! मग त्याला हवेंतून फिरवून आणावा कशाला? लेस पॉल यांनीं हॉलिवुडांत आपल्या घराच्या गॅरेजमध्यें एका तबकडीवरून दुसरीवर, असे गिटारचे आठ थर चढवून ‘लव्हर’ ही रचना सिद्ध केली. ती १९४८ सालीं बाहेर पडली. आमच्याकडे व्हॅन शिपले यांनीं मुंबईंत सिनेगीतांच्या चाली या वाद्यावर वाजवून घरोघरीं पोंचविल्या.

तर मार्ग दोन. ॲम्प्लिफायरच्या स्पीकरपुढें मायक्रोफोन ठेवावा, किंवा तार सरळ संगणकाच्या ध्वनियंत्रास जोडावी. पहिल्यांत स्वराला अंग येतें. पण त्यासाठीं आवाज मोठा ठेवावा लागतो, आणि शेजाऱ्यांस तो भोगावा लागतो. दुसऱ्यांत घर शांत राहतें. परंतु गिटारचा स्पीकर सेकंदास सुमारें पांच हजारांवरील कंपनें गाळून टाकतो; तें गाळणें चुकल्यानें सरळ तारेचा स्वर कर्कश लागतो, व संगणकांत स्पीकरची नक्कल करावी लागते. तारही गिटारसाठीं राखलेल्या छिद्रांतच घालावी. साध्या छिद्रांत उंच स्वर बोथट होतात. नातवानें पहिल्या दिवशीं हेंच केलें, आणि दोष गिटारला दिला.

माझें मत तारेकडे झुकतें. कोरा स्वर जपून ठेवला तर त्यास रूप कोणतें द्यावें हें दहा वर्षांनींही ठरवितां येईल. मेणावर कोरलेल्यास ती सवड नव्हती. नातू मात्र हट्टानें दोन्ही टिपतो: तार एका पट्टीवर, मायक्रोफोन दुसऱ्या. परवां पहांटे टिपलेल्या दुसऱ्या पट्टींत देवळांतील काकडआरतीची झांज आली आहे. तो ती पुसावयास निघाला होता. मीं ती प्रत मागून घेतली.