न खेळलेल्या बाहुल्यांचा इतिहास

१/
संग्राहकांच्या जगात कागदी बाहुल्यांना एक विचित्र नियम लागू होतो. ज्या पानाला कधी कात्रीच लागली नाही, त्याचे मोल सर्वाधिक. कापलेली बाहुली त्याहून स्वस्त. मान मोडलेली, कपड्यांच्या पट्ट्या फाटलेली, मागून खळ लावून पुठ्ठ्यावर डकवलेली बाहुली तर बहुधा कुणी विचारातही घेत नाही.

२/
म्हणजे जी बाहुली खेळण्यासाठी छापली गेली, पण जिच्याशी कुणी खेळलेच नाही, ती टिकली. जी खरोखर खेळली गेली, ती केरात गेली. कागदी बाहुलीचा जो इतिहास आपण वाचतो, तो प्रामुख्याने छापखान्यांचा, प्रकाशकांचा आणि नियतकालिकांचा आहे. कात्री हातात धरलेले मूल त्यात क्वचितच दिसते. आजच्या थ्रेडमध्ये ते मूल कुठे कुठे सापडते, याचा शोध घेऊ.

३/
प्रारंभ १८१० च्या लंडनपासून करू. रॅथबोन प्लेस येथे एस. अँड जे. फुलर यांचे ‘टेंपल ऑफ फॅन्सी’ नावाचे दुकान होते. चित्रकलेचे साहित्य, छापील चित्रे आणि शौकाच्या वस्तू तेथे मिळत. त्या वर्षी त्यांनी ‘द हिस्टरी ऑफ लिटल फॅनी’ हे पुस्तक काढले. छोटेखानी पद्यकथा आणि तिच्यासोबत हाताने रंगवलेल्या सात कागदी आकृती. सातही आकृतींना डोके नाही. डोके एकच आणि ते सुटे. कथेचा प्रसंग बदलला की ते एका आकृतीतून काढून दुसरीत बसवायचे.

४/
ही रचना वाचून समजत नाही, म्हणून मी ती करून पाहिली. तुम्हीही पाहा, दहा मिनिटांचे काम आहे. जाड कागदावर चेहरा काढा आणि मानेखाली बोटभर लांबीची पट्टी तशीच ठेवून तो कापा. दुसऱ्या कागदावर गळ्यापासून पायापर्यंतचा पोशाख काढा. त्याच्या पाठीमागे, गळ्याशी, कागदाचा लहान तुकडा दोन्ही कडांनी चिकटवून खिसा तयार करा; वरची बाजू मोकळी राहू द्या. मानेची पट्टी त्या खिशात सरकवली की फॅनी उभी राहते.

५/
तीन-चार पोशाख केल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या ओळखीच्या कागदी बाहुलीत देह कायम असतो आणि कपडे बदलतात. येथे कपड्यांसह सगळा देहच बदलतो, हातापायांची ठेवणही बदलते. नव्या आकृतीत गेलेले डोके मात्र तेच शांत, किंचित हसरे असते. भीक मागतानाही.

६/
होय, फॅनी भीक मागते. कथा अशी: फॅनी सुखवस्तू घरातील, नटण्याची हौस असलेली मुलगी. नवे कपडे मिरवण्यासाठी ती बाहेर पडते आणि अंगावरचे उंची कपडे गमावून बसते. मग फाटक्या वस्त्रांत भीक, निरोप पोचवण्याचे काम, मासळी विकणे, दूध-लोणी घरोघरी नेणे, असे करीत ती अखेर स्वतःच्याच घरी परत येते. पहिल्या चित्रात तिच्या हातात बाहुली आहे. शेवटच्या चित्रात साधा झगा आणि हातात पुस्तक.

७/
बोध उघड आहे. मला अधिक अर्थपूर्ण वाटते ती रचना. कपडे बदलता येणाऱ्या सपाट बाहुल्या याआधीही लंडनमध्ये मिळत. १७९१ च्या एका जर्मन फॅशन-नियतकालिकाने अशा ‘इंग्लिश बाहुली’ची कौतुकाने नोंद घेतली आहे. फुलर यांनी मात्र सुटे डोके निवडले. माणूस तोच, पण समाजातील स्थान बदलले की त्याची सारी आकृतीच बदलते, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला बोटांनी शिकवणारे यंत्र म्हणजे फॅनी.

८/
हे शिक्षण सर्वांसाठी नव्हते. फुलर यांची ही पुस्तके साधारण पाच ते आठ शिलिंगांना विकली जात. शेतमजुराच्या आठवड्याच्या मजुरीचा तो मोठा हिस्सा होता.

९/
येथे एक विषयांतर. त्या काळी लंडनमधील बालपुस्तकांची चित्रे रंगवण्याचे काम पुष्कळदा मुलेच करीत. टेबलाभोवती बसलेल्या मुलांपैकी प्रत्येकाकडे एकच रंग. एकाने लाल भरायचा, पान पुढे सरकवायचे, दुसऱ्याने निळा. फुलर यांच्या आकृती कुणी रंगवल्या, याबद्दल मी काही म्हणत नाही. परंतु त्या व्यवसायातील एक मूल ब्रश हातात घेऊन बसले होते आणि दुसरे मूल दिवाणखान्यात त्याच रंगाशी खेळत होते, हे चित्र डोळ्यांसमोरून जात नाही. फॅनीचा भिकारी पोशाख पहिल्याला कोणता बोध देत असेल?

१०/
फ्रान्समध्ये तर याआधीच कागदी बाहुलीने मोठ्यांना वेड लावले होते. १७४० च्या दशकात पॅरिसमध्ये ‘पँतँ’ नावाच्या, दोरी ओढली की हातपाय उडवणाऱ्या पुठ्ठ्याच्या बाहुल्यांची लाट आली. बार्बिए नावाच्या वकिलाने १७४७ मधील आपल्या रोजनिशीत या खुळाविषयी लिहिले आहे. पुढे १७९६ मध्ये एपिनाल येथे पेलराँ यांनी सुरू केलेल्या छापखान्यातून कापून जोडायच्या बाहुल्यांचे स्वस्त तक्ते निघू लागले आणि हे खेळणे सामान्य घरांत पोचले.

११/
आता आपल्या मूळ शोधाकडे. कात्री धरलेले मूल पहिल्यांदा स्पष्ट दिसते ते १८५६ च्या न्यूयॉर्कमध्ये. अँसन रँडॉल्फ या प्रकाशकाने त्या वर्षी ‘पेपर डॉल्स अँड हाऊ टू मेक देम’ हे लहान मुलींसाठीचे पुस्तक काढले. पुढच्याच वर्षी कागदी बाहुल्यांचे फर्निचर कसे करावे, यावरही पुस्तक आले. खुर्ची, पलंग, पाळणा, सारे कागदाचे.

१२/
‘कसे करावे’ सांगणारे पुस्तक विकले जाते, याचा अर्थ बाहुल्या घरोघरी केल्या जात होत्या किंवा निदान कराव्याशा वाटत होत्या. पाककृतींच्या जुन्या पुस्तकावरून आपण त्या काळच्या स्वयंपाकघराविषयी जसे सावधपणे अनुमान काढतो, तसेच हे. पदार्थ संपून गेलेला असतो, कृती उरते.

१३/
तीन वर्षांनी, नोव्हेंबर १८५९ मध्ये, ‘गोडीज लेडीज बुक’ या अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय स्त्री-मासिकाने कागदी बाहुली छापली. काळ्या रेषांतील आकृत्या आणि पुढील पानावर त्यांचे कपडे. रंग मुलांनी भरायचे. त्यात छपाईचा खर्च वाचवण्याची सोय असेलही. परंतु परिणाम असा झाला की झग्याचा रंग कोणता, हा निर्णय प्रथमच मोठ्या प्रमाणावर मुलांच्या हाती आला.

१४/
विसाव्या शतकात ही प्रथा रूढ झाली. १९०८ पासून ‘लेडीज होम जर्नल’मध्ये शीला यंग यांची ‘लेटी लेन’ ही बाहुली आणि तिचे कुटुंब येऊ लागले. हे मासिक काही वर्षांपूर्वीच दहा लाख वर्गणीदारांचा टप्पा ओलांडून गेले होते. १९५१ मध्ये ‘मॅकॉल्स’ मासिकात ‘बेट्सी मॅकॉल’ आली. आता बाहुलीला वेगळे पैसे मोजावे लागत नव्हते. आईचे वाचून झाले की पान मुलीचे.

१५/
आणि म्हणूनच अभ्यासकाला एक अनपेक्षित साधन मिळते: छिद्र. जुन्या मासिकाच्या पानात बाहुलीच्या आकाराची पोकळी दिसली, तर ग्रंथपालाच्या दृष्टीने तो अंक खराब झालेला असतो. माझ्या दृष्टीने तो खेळ झाल्याचा पुरावा आहे. बाहुली नाही, तिच्या जाण्याची खूण आहे. कात्री कडेकडेने सावकाश गेली, की घाईत पट्ट्याच कापून टाकल्या, हेसुद्धा त्या छिद्राच्या कडा सांगतात. (पट्ट्या कापून टाकण्याची चूक आपण सर्वांनी केलेली आहे.)

१६/
पण सगळीच मुले एकाच बाहुलीत स्वतःला पाहू शकत नव्हती. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन बाजारात कृष्णवर्णीय कागदी बाहुल्या होत्या, त्या कशा? ‘अंकल टॉम्स केबिन’मधील टॉप्सी, किंवा १८९० च्या दशकातील आँट जेमायमा पीठ-कंपनीच्या जाहिरातीतील कुटुंब, ज्याचे मूळ कपडे ठिगळांचे आणि वर चढवायचे कपडे श्रीमंती थाटाचे. ठिगळे ही जणू कातडी आणि चांगला पोशाख हे सोंग. वर्णद्वेष छापील पट्ट्यांसह घरपोच मिळत होता.

१७/
या पार्श्वभूमीवर जॅकी ऑर्म्स यांचे काम पाहावे. जन्म १९११. वृत्तपत्रांत चित्रमालिका काढणारी पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात. ‘पिट्सबर्ग कूरियर’ या कृष्णवर्णीयांच्या मोठ्या साप्ताहिकात १९३७ मध्ये त्यांची टॉर्ची ब्राऊन अवतरली: दक्षिणेतून हार्लेमला नशीब काढायला निघालेली मुलगी. १९५० ते १९५४ या काळात ‘टॉर्ची इन हार्टबीट्स’ या रंगीत मालिकेतून ती परतली आणि सोबत ‘टॉर्ची टॉग्स’ या नावाने कापायची बाहुली व कपडे येऊ लागले.

१८/
टॉर्ची मोलकरीण नव्हती आणि विनोदाचा विषयही नव्हती. ती देखणी, नोकरी करणारी, प्रेमात पडणारी आणि प्रदूषण व वर्णद्वेष यांविरुद्ध उभी राहणारी तरुणी होती. तिचा कोट, तिची टोपी, तिचा संध्याकाळचा झगा कापून घेणाऱ्या मुलीला चांगला पोशाख हे टॉर्चीचे सोंग वाटण्याचे कारण नव्हते. तो तिचाच होता. ऑर्म्स यांच्यावर एफबीआयने पाळत ठेवली होती, हेही येथे नोंदवले पाहिजे.

१९/
वृत्तपत्राचा कागद पातळ. तो पुठ्ठ्यावर चिकटवल्याशिवाय बाहुली उभी राहत नाही आणि वर्षभरात पिवळी पडून तिचे तुकडे होतात. त्यामुळे टॉर्चीशी कोण कसे खेळले, हे सांगणाऱ्या बाहुल्या फारशा उरण्याचा संभव नाही. फॅनी जाड कागदावर, वेष्टनात, श्रीमंतांच्या ग्रंथालयात सुरक्षित राहिली. कागदाची प्रत ही इतिहासातील वर्गव्यवस्थाच आहे, असे कधी कधी वाटते.

२०/
मुलाचा खेळ थेट नोंदला गेल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. रूथ हँडलर यांची मुलगी बार्बरा मैत्रिणींसह कागदी बाहुल्यांशी खेळे. त्या बाहुल्या तान्ह्या बाळांच्या नव्हत्या. प्रौढ स्त्रियांच्या होत्या, आणि मुली त्यांच्या तोंडी मोठ्यांचे संवाद घालून स्वतःचे भविष्य रंगवत. हे पाहून आईला कल्पना सुचली. रूप जर्मनीतील ‘लिली’ बाहुलीवरून घेतले गेले आणि १९५९ मध्ये बार्बी बाजारात आली. बार्बराचा खेळ इतिहासात आला, कारण तिची आई मॅटेल कंपनीची सहसंस्थापक होती. इतर घरांतील आयाही असा खेळ पाहत असतीलच.

२१/
आतापर्यंतचे सारे छापील कागदाचे. मुलींनी स्वतः, छापखान्याविना केलेल्या बाहुलीची परंपरा पाहायची असेल तर जपानकडे वळावे लागते. एदो काळापासून तेथील मुली ‘आनेसामा’ करीत. शब्दाचा अर्थ ‘मोठी बहीण’, तीही आदरार्थी. आपल्याकडचे ‘ताईसाहेब’ म्हणा. चुरगळीच्या कागदाचा केशसंभार, रंगीत कागदाच्या आयतांची घडी घालून केलेला किमोनो. चेहरा मात्र कोरा. नाक-डोळे काढायचेच नाहीत. पुष्कळदा ती मागून पाहण्यासाठीच केलेली असते. सारे कौशल्य अंबाड्यात आणि कमरेच्या पट्ट्यात.

२२/
मात्सुए शहरात ही कला आजही जपली जाते. घरी करायची तर क्रेप पेपरची अरुंद पट्टी अंबाड्यासारखी दुमडा, पांढऱ्या कागदाची नळी मान म्हणून लावा आणि दोन रंगांचे आयताकृती कागद एकावर एक ठेवून गळ्याशी डावी बाजू उजवीवर येईल असे गुंडाळा. उलटे गुंडाळू नका. जपानमध्ये मृताला किमोनो तसा नेसवतात.

२३/
त्याच देशात नष्ट होण्यासाठीच केलेली कागदी आकृतीही आहे. शिंतो मंदिरांतील शुद्धीविधीत, विशेषतः जूनअखेरीस, कागदाच्या मानवाकृतीवर आपले नाव व वय लिहितात, ती अंगावरून फिरवतात, तिच्यावर फुंकर घालतात आणि मंदिराला देतात. पुढे ती पाण्यात सोडली जाते किंवा जाळली जाते. ती जपून ठेवली, तर तिचे काम अपुरे राहिले.

२४/
माझ्याकडे बालपणीची एकही कागदी बाहुली नाही. वहीच्या मागच्या पुठ्ठ्यापासून केलेल्या होत्या, लग्नपत्रिकांच्या सोनेरी कागदाचे त्यांना शालू होते, एवढे स्मरते. दोन मुलींनी एकच शालू वाटून घेतल्यामुळे तो कायम मधोमध फाटलेला असे.

२५/
एक विनंती. तुमच्या घरी बालमासिकांचे, दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे असतील, तर ते चाळून पाहा. एखाद्या पानात बाहुलीच्या, मुखवट्याच्या किंवा कशाच्याही आकाराचे कापलेले छिद्र आढळले, तर त्याचे छायाचित्र आणि अंकाचा महिना-वर्ष खाली टाका. छिद्रातून मागचे पान दिसत असेल तर तेही येऊ द्या. आणि ते कुणी कापले, हे घरात कुणाला आठवत असेल, तर आजच विचारून घ्या.