विमान अपघात तपासातील माहितीची सार्वजनिक उपलब्धता

विमान अपघाताचा अधिकृत तपास चालू असताना आणि तो पूर्ण झाल्यावर त्यातील कोणती माहिती, केव्हा आणि कोणाला मिळू शकते, यासंबंधीचे नियम व प्रथा या विषयात येतात. मृतांच्या नातेवाइकांना सत्य लवकर कळावे आणि प्रवाशांना धोक्याची जाणीव व्हावी, ही एक बाजू आहे. साक्षीदारांनी निर्भयपणे बोलावे आणि अपुऱ्या पुराव्यावरून कोणावर ठपका बसू नये, ही दुसरी बाजू आहे. बहुतेक देशांचे कायदे या दोहोंत समतोल साधण्याचा प्रयत्न करतात.

तपासाचा हेतू

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. या कराराच्या अनुच्छेद २६ मध्ये अपघाताच्या चौकशीची तरतूद आहे. तिचा तपशील परिशिष्ट १३ मध्ये असून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ते प्रथम १९५१ मध्ये स्वीकारले. पुढील अपघात टाळणे हा तपासाचा एकमेव हेतू असून दोष किंवा उत्तरदायित्व निश्चित करणे हे त्याचे काम नाही, असे परिशिष्ट १३ सांगते. फौजदारी चौकशी आणि नुकसानभरपाईचे दावे म्हणूनच वेगळ्या मार्गाने चालतात. माहिती उघड करण्याविषयीचे बहुतेक वाद या दोन मार्गांच्या सीमेवर उद्भवतात.

अहवालांचे टप्पे

अपघातानंतर ३० दिवसांत प्राथमिक अहवाल संबंधित देशांना आणि मोठ्या विमानांच्या बाबतीत संघटनेलाही पाठवावा, असे अपेक्षित असते. तो जनतेसाठी प्रसिद्ध करणे मात्र बंधनकारक नाही. अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत प्रसिद्ध व्हावा आणि ते शक्य नसल्यास प्रत्येक वर्षदिनी तपासाच्या प्रगतीविषयी अंतरिम निवेदन द्यावे, असा नियम आहे. अंतिम अहवालाचा मसुदा आधी विमानाची नोंदणी, परिचालन, रचना व उत्पादन यांच्याशी संबंधित देशांकडे अभिप्रायासाठी जातो. त्यासाठी साधारणतः ६० दिवसांची मुदत असते. या काळात मसुदा गोपनीय राहतो.

८ मार्च २०१४ रोजी २३९ जणांसह बेपत्ता झालेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच ३७० या विमानाचा प्राथमिक अहवाल आधी केवळ संघटनेकडे पाठवण्यात आला. तो जाहीर करावा अशी मागणी वाढल्यानंतर १ मे २०१४ रोजी प्रसिद्ध झाला. प्राथमिक अहवाल प्रसिद्ध करावा की नाही, हा प्रश्न त्या वेळी जगभर चर्चेत आला.

संरक्षित नोंदी

काही नोंदी तपासाव्यतिरिक्त अन्य कारणांसाठी उपलब्ध करून देऊ नयेत, असे परिशिष्ट १३ सांगते. त्यांत पुढील बाबी येतात:

- वैमानिककक्षातील संभाषणाचे ध्वनिमुद्रण व चित्रमुद्रण
- साक्षीदारांनी तपास अधिकाऱ्यांना दिलेले जबाब
- संबंधित व्यक्तींची वैद्यकीय व खासगी माहिती
- हवाई वाहतूक नियंत्रण कक्षातील ध्वनिमुद्रणे
- तपास पथकाने केलेली विश्लेषणे व व्यक्त केलेली मते

हे संरक्षण निरपवाद नाही. माहिती उघड केल्याने होणारा लाभ हा या व भावी तपासांवरील प्रतिकूल परिणामापेक्षा अधिक आहे, असे देशातील सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवल्यास ती देता येते. अंतिम अहवालातही या नोंदींतील केवळ विश्लेषणासाठी आवश्यक तेवढाच भाग घेतला जातो.

भारतातील व्यवस्था

पूर्वी मोठ्या अपघातांसाठी केंद्र सरकार स्वतंत्र चौकशी न्यायालय नेमत असे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. त्याची चौकशी न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांनी केली. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाला झालेल्या अपघातात १५८ जणांचा मृत्यू झाला. त्याच्या चौकशी न्यायालयाचे प्रमुख निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले होते. या चौकशीत जाहीर सुनावणी झाली, तिथे जबाब लोकांसमोर नोंदवले गेले.

३० जुलै २०१२ रोजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयांतर्गत विमान अपघात तपास विभाग स्थापन झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘एएआयबी’ या नावाने ओळखला जातो. त्याचे काम २०१७ च्या तपासविषयक नियमांनुसार बांधले गेले. अंतिम अहवाल सार्वजनिक करणे आणि संरक्षित नोंदी उघड न करणे, या दोन्ही तरतुदी या नियमांत आहेत. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे झालेल्या, २१ जणांचा बळी घेणाऱ्या अपघाताचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

माहितीचा अधिकार

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये नागरिक तपास यंत्रणेकडे अर्ज करू शकतो. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. नकार मिळाल्यास आधी विभागातील अपिलीय अधिकाऱ्याकडे आणि नंतर केंद्रीय माहिती आयोगाकडे दाद मागता येते.

कलम ८(१)(ज) नुसार, तपासात अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते. परंतु तपास चालू आहे एवढेच कारण पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासाला बाधा कशी येईल हे यंत्रणेने दाखवले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात स्पष्ट केले. ते प्रकरण विमान अपघाताचे नव्हते, तरी तत्त्व सर्व तपासांना लागू पडते. परदेशी सरकारकडून विश्वासाने मिळालेली माहितीही अपवादांत मोडते. विमान, इंजिन आणि प्रवासी अनेक देशांचे असल्याने या अपवादाला येथे विशेष महत्त्व आहे. कलम ८(२) नुसार, सार्वजनिक हित अधिक मोठे असल्यास अपवादात मोडणारी माहितीही देता येते.

अहमदाबाद अपघात

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७-८ विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण मृत्युमुखी पडले. प्राथमिक अहवाल १२ जुलै रोजी प्रसिद्ध झाला. दोन्ही इंजिनांचे इंधन नियंत्रक खटके एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’ स्थितीत गेल्याची नोंद त्यात होती. इंधन का बंद केले असे एका वैमानिकाने विचारले आणि दुसऱ्याने आपण तसे केले नसल्याचे सांगितले, हेही त्यात नमूद होते. मात्र कोण काय बोलले हे दिलेले नव्हते आणि संभाषणाचे संपूर्ण लेखनही जोडलेले नव्हते.

या मोजक्या मजकुरावरून परदेशी वृत्तपत्रांनी वैमानिकाकडे रोख असलेली वृत्ते दिली. तपास पूर्ण होण्यापूर्वी निष्कर्ष काढू नयेत, असे आवाहन विभागाने १७ जुलै रोजी केले. २२ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तुकड्यातुकड्यांनी बाहेर येण्याबद्दल नापसंती व्यक्त केली. वैमानिकाच्या वडिलांच्या याचिकेवर ७ नोव्हेंबर रोजी सुनावणी झाली. प्राथमिक अहवालात वैमानिकावर ठपका नाही, असे न्यायालयाने त्या वेळी सांगितले.

इतर देशांतील प्रथा

अमेरिकेत राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ तपासातील तांत्रिक कागदपत्रे तपास चालू असतानाच टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुली करते. मोठ्या अपघातांची जाहीर सुनावणीही होते. तथापि वैमानिककक्षातील प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करण्यास तेथे कायद्याने मनाई आहे. केवळ अपघाताशी संबंधित संभाषणाचे लेखन दिले जाते.

फ्रान्समध्ये १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या विमानाच्या तपासात २०१२ च्या अंतिम अहवालापूर्वी तीन अंतरिम अहवाल प्रसिद्ध झाले. २४ मार्च २०१५ च्या जर्मनविंग्ज अपघातात मात्र ध्वनिमुद्रणातील तपशील दोन दिवसांतच वृत्तपत्रातून आणि नंतर मार्सेच्या सरकारी वकिलांकडून बाहेर आला. वैमानिक संघटनांनी या माहितीगळतीचा निषेध केला.

ब्रिटनमध्ये शोरहॅम येथील २०१५ च्या अपघातानंतर पोलिसांनी तपास यंत्रणेकडील साहित्य मागितले. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने विमानातील चित्रफीत देण्यास परवानगी दिली, पण वैमानिकाचा जबाब देण्यास नकार दिला. असे जबाब पोलिसांना मिळू लागले, तर पुढे कोणी मोकळेपणाने बोलणार नाही, हे त्यामागील प्रमुख कारण होते.

मृतांच्या नातेवाइकांचे हक्क

युरोपीय संघाच्या २०१० च्या ९९६ क्रमांकाच्या विनियमानुसार विमान कंपनीने अपघाताची वार्ता मिळाल्यापासून दोन तासांच्या आत प्रवाशांची यादी उपलब्ध करणे आवश्यक आहे. तपासातील माहिती लोकांना देण्यापूर्वी ती पीडितांना व त्यांच्या नातेवाइकांना देण्याची मुभाही तपास यंत्रणेला आहे. परिशिष्ट १३ नुसार, ज्या देशाचे नागरिक मृत्युमुखी पडले असतील त्या देशाला तपासासाठी आपला तज्ज्ञ नेमता येतो. त्या तज्ज्ञाला अपघातस्थळी जाण्याचा आणि प्रसिद्धीस मंजूर झालेली तथ्यात्मक माहिती मिळवण्याचा हक्क असतो. नातेवाईक स्वतः मात्र तपासाचे पक्षकार मानले जात नाहीत.