जंतू नसलेला फोड : पेम्फिगसच्या निदानाचा इतिहास

आज आपण त्वचेवर पाण्याचे फोड आणणाऱ्या ऑटोइम्यून आजारांबद्दल बोलणार आहोत. ऑटोइम्यून म्हणजे काय, तर शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच शरीरावर उलटते. यातला मुख्य आजार पेम्फिगस. तो ओळखायला वैद्यकशास्त्राला दीडशेहून अधिक वर्षं लागली, आणि ती का लागली हे समजलं तर आजही निदानाला उशीर का होतो तेही समजतं.

आपल्या पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत, कामगाराच्या अंगावर फोड दिसला की कारणं तयारच असतात. कूलंट लागलं असेल, केमिकल उडालं असेल, गरम जॉबनं भाजलं असेल. घरी विचारलं तर नागीण, नाहीतर उष्णता. तोंडात जखमा असतील तर 'तोंड आलंय', गोळ्या घे, तंबाखू सोड. गंमत अशी की बहुतेक वेळा यातलंच एखादं कारण खरं असतं. म्हणूनच जो एखादा वेगळा रुग्ण असतो तो या गर्दीत हरवतो.

आता इतिहासाकडे वळू. पेम्फिगस हा शब्द ग्रीक, मूळ अर्थ फोड किंवा बुडबुडा. सोव्हाज या फ्रेंच वैद्यानं तो अठराव्या शतकात रोगाच्या नावासाठी वापरला. १७९१ मध्ये जर्मनीतल्या विचमननं वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या फोडांच्या आजारासाठी तो राखून ठेवला. तरीही पुढे बराच काळ मोठे फोड दिसले की पेम्फिगस, असाच खाक्या होता. कांजिण्या दिसल्या की कांजिण्या म्हणावं, तसं.

पहिला बदल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाला. १८८१ मध्ये व्हिएन्नाच्या आउस्पिट्झनं त्वचेच्या पेशी एकमेकींपासून सुटतात या प्रक्रियेला नाव दिलं. १८९६ मध्ये रशियातल्या निकोल्स्कीनं एक साधी खूण नोंदवली. फोडाच्या शेजारची, वरून चांगली दिसणारी त्वचा बोटानं दाबून सरकवली तर तिचा वरचा पापुद्रा सुटतो. ही खूण आजही ओपीडीत तपासतात. तिचा अर्थ फार मोठा होता. बिघाड फक्त फोडात नाही, शेजारच्या धडधाकट दिसणाऱ्या त्वचेतही आहे.

पण तो काळ जंतूंचा होता. क्षय, पटकी, प्लेग, एकेका रोगाचा जंतू सापडत होता. पेम्फिगसचाही सापडेल असं वाटत होतं. त्यातच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल एर्लिख यांनी मांडलं की शरीर स्वतःवर हल्ला करणं कटाक्षानं टाळतं. एवढ्या मोठ्या माणसाचं मत. त्यामुळे शरीर स्वतःच शत्रू असू शकेल या दिशेनं विचार जायला वेळ लागला.

इथे आपल्या पिंपरीचा संदर्भ येतो. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं. १९५५ मध्ये इथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. ज्याला आपण आज उद्योगनगरी म्हणतो, तिच्या सुरुवातीच्या मोठ्या कारखान्यांपैकी हा एक, आणि तो औषधाचा. न्यूमोनियाचा, जखम चिघळलेला माणूस वाचू लागला. पेम्फिगसच्या रुग्णाला पेनिसिलिननं काय दिलं? उघड्या पडलेल्या त्वचेतून होणाऱ्या संसर्गाशी लढायला मदत दिली. पण नवे फोड येतच राहिले. कारण मारायला जंतूच नव्हता.

फोड थांबवले ते कॉर्टिझोननं. १९४८ मध्ये हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते संधिवातासाठी वापरलं, १९५० मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि त्याच सुमारास ते पेम्फिगसला देऊन पाहिलं गेलं. त्याआधी हा आजार झालेले बहुतेक रुग्ण काही वर्षांतच दगावत. म्हणजे बघा, औषध आधी मिळालं, कारण अजून माहीतच नव्हतं!

कारणाकडे जाणारी वाट दोन टप्प्यांत उघडली. १९५३ मध्ये अमेरिकेत वॉल्टर लिव्हर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली विचारलं, त्वचा नेमकी कोणत्या थरात फाटली आहे? वरच्या थरातल्या पेशीच एकमेकींपासून सुटल्या असतील तर पेम्फिगस. फोड लिबलिबीत, लगेच फुटणारा. वरचा अख्खा थर खालच्या थरापासून उचलला गेला असेल तर तो वेगळा आजार, बुलस पेम्फिगॉइड. तो बहुधा म्हातारपणी होतो. आधी खाज, मग टणक, ताणलेले फोड.

दुसरा टप्पा १९६४ चा. ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी बफेलो इथं पेम्फिगसच्या रुग्णांचं रक्तद्रव घेऊन त्वचेच्या पातळ कापावर टाकलं, चमकणाऱ्या रंगानं प्रतिपिंडं दिसतील अशी सोय केली. खास प्रकाशात पेशींच्या मधोमध हिरवं जाळं दिसलं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. रुग्णाच्याच रक्तात त्याच्या त्वचेविरुद्ध प्रतिपिंडं होती. पेम्फिगॉइडमध्ये जाळ्याऐवजी थराच्या तळाशी एक सरळ रेघ दिसते, हेही पुढे कळलं. १९९१ मध्ये अमागाई, स्टॅन्ली आणि सहकाऱ्यांनी प्रतिपिंडांचं लक्ष्य शोधलं. पेशी जोडून ठेवणारं प्रथिन, डेस्मोग्लीन ३. ते तोंडाच्या आतल्या अस्तरात भरपूर असतं, म्हणून अनेकांचा आजार तोंडातूनच सुरू होतो. अंगावर फोड येण्याआधी कित्येक महिने.

आता हा इतिहास आपल्या कामाला लावू. कूलंटचा त्रास जिथं कूलंट लागतं तिथं होतो, हातांवर, मनगटांवर. कूलंट गालाच्या आत जात नाही. त्यामुळे अंगावर फोड आणि तोंडातही न भरणाऱ्या जखमा असतील तर दोष मशिनवर टाकून थांबू नका. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर त्वचारोगतज्ज्ञाला किंवा दंतवैद्याला दाखवाच. तंबाखू खाणाऱ्यांनी तर कर्करोगासाठीही. तुकडे दोन घेतात. एक ताज्या फोडाचा, फॉर्मॅलिनमध्ये. दुसरा फोडाशेजारच्या त्वचेचा, प्रतिपिंडं पाहण्यासाठी, आणि तो फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर वाया जातो. निकोल्स्कीनं शेजारच्या त्वचेकडे पाहिलं होतं, तीच दृष्टी इथे आहे.

आणखी एक. हा आजार संसर्गजन्य नाही. कॉट बेसिसवर एका खोलीत सहा-सात जण राहतात तिथं हे मोठ्यानं सांगावं लागतं. ताट वेगळं, अंथरूण वेगळं करायची गरज नाही.

उपचारात भारताचं स्वतःचं योगदान आहे. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात पल्स पद्धत आणली. डेक्सामेथासोन तीन दिवस ओळीनं शिरेतून, त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फमाइड, आणि हे दर २८ दिवसांनी. रोजच्या मोठ्या स्टिरॉइड डोसचे दुष्परिणाम टाळणं हा त्यामागचा विचार. सायक्लोफॉस्फमाइडमुळे प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ज्यांना मुलं हवी आहेत त्यांना ते टाळून फक्त डेक्सामेथासोन देत. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या ९० रुग्णांच्या चाचणीत रिटुक्सिमॅब आणि थोडे दिवस स्टिरॉइड घेणाऱ्यांपैकी ८९ टक्के जण दोन वर्षांनी औषधाविना आजारमुक्त होते; फक्त स्टिरॉइड घेणाऱ्यांत हे प्रमाण ३४ टक्के होतं.

पण महिन्याला तीन दिवस रुग्णालयात म्हणजे कंत्राटी कामगाराचे तीन खाडे. फोड सुकले की तो म्हणतो, आता बरा झालो, कशाला जायचं? स्टिरॉइड असं अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं, आणि आजार उलटतो तो वेगळाच. १९५० पूर्वी औषध नव्हतं. आज औषध आहे, पण ते पूर्ण होईपर्यंत सुपरवायझरनं, घरच्यांनी आणि खोलीतल्या सोबत्यांनी त्याला वेळ द्यायला हवा. एवढं आज आपण इथून घेऊन गेलो तरी पुष्कळ.