ओळंबा आणि चाकाचा कल

गाडीचे टायर आतून झिजताहेत म्हणून मुलाने चाकांचा कल घरीच मोजायला बुडबुड्याचा गेज आणला. मला आठवली फोर्डची मॉडेल टी (१९०८ ते १९२७). तिच्या पुढच्या चाकांमधले अंतर खालपेक्षा वर सुमारे ३ इंच जास्त असे. हा दोष नव्हे, घोडागाडीचा वारसा! लाकडी चाक बशीसारखे खोलगट; त्याचा खालचा आरा उभा राहून भार सरळ पेलावा म्हणून आसाची टोके मुद्दाम खाली झुकवत.

खरे तर ओळंबाही पुरतो. १५ इंची रिमवर १ अंश कल म्हणजे वर-खाली साडेसहा मिलिमीटरचा फरक, फूटपट्टीवर दिसणारा. जमीन मात्र सपाट हवी. आमच्या अंगणाला उतार आहे, हे चाळीस वर्षांनी त्या बुडबुड्याने सांगितले! आता दोन चाकांखाली जुन्या फरश्या सरकवून पुन्हा मोजणी चालू आहे.