कालिंपाँगची खडी, निमाडची पेप्सी

1943 च्या दुष्काळात बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसं उपासमारीने आणि पाठोपाठ आलेल्या रोगराईने मेली. त्यानंतर तीन-चार वर्षांतच, 1946-47 च्या सुमारास, त्याच प्रांताच्या उत्तर टोकाला, दार्जिलिंगच्या डोंगरातल्या कालिंपाँग गावी, जेम्स शोल्टो डग्लस हे ब्रिटिश कृषितज्ज्ञ मातीविना भाजी पिकवण्याच्या प्रयोगाला लागले. कालिंपाँग हे तेव्हा तिबेटी लोकरीच्या व्यापाराचं ठाणं. जेलेप खिंडीतून खेचरांचे तांडे इथे उतरत. जमीन उताराची, पाऊस मुसळधार, आणि विजेच्या पंपावर किंवा परदेशी यंत्रांवर भिस्त ठेवावी अशी परिस्थिती अजिबात नाही. डग्लस यांच्यासमोरचा प्रश्न साधा होता: प्रयोगशाळा नसलेल्या, रसायनशास्त्र न शिकलेल्या आणि खिशात फारसे पैसे नसलेल्या माणसाला घराशेजारी, गच्चीवर, ओसरीत हे जमेल का?

आज ‘हायड्रोपोनिक्स’ म्हटलं की पांढरे पाइप, जांभळे दिवे आणि लाखाच्या घरातलं अंदाजपत्रक डोळ्यांसमोर येतं. त्यामुळे या विद्येची स्वस्त शाखा आपल्याच देशात रुजली, हे सहसा कुणाला आठवत नाही. आठवायला हवं, कारण घरच्या घरी मातीविना ठिबकवर चार टोमॅटो लावणारा माणूस आज जे करतो, त्यातलं बरंच तिथे आधीच सोडवून ठेवलेलं आहे.

मूळ शास्त्र त्याहून जुनं. झाडाला पाण्यातून कोणते क्षार लागतात हे युलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी 1860 च्या दशकात काचेच्या बरण्यांत रोपं वाढवून दाखवून दिलं. पुढची साठ-सत्तर वर्षं ते ज्ञान बरणीतच राहिलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या विल्यम गेरिके यांनी 1929 पासून ते बाहेर काढलं. उथळ टाक्या, वर तारेची जाळी, जाळीवर गवत-भुशाचा थर आणि खाली क्षारांचं पाणी. त्यांच्या टोमॅटोचे वेल पंचवीस फुटांपर्यंत चढले. शिडीवर उभं राहून तोडणी करतानाची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकली आणि अमेरिकेत एकच खळबळ उडाली. 1937 मध्ये त्यांनी या पद्धतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव छापील स्वरूपात दिलं.

मग बाजार आला. घरोघरी टाक्या आणि जादूच्या पुड्या विकल्या जाऊ लागल्या आणि पुष्कळांची रोपं सडली, कारण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, ही गोष्ट पुडीवर लिहिलेली नव्हती. विद्यापीठाने डेनिस होगलंड आणि डॅनिएल आर्नन यांना या दाव्यांची शहानिशा करायला सांगितलं. 1938 मध्ये निघालेल्या त्यांच्या पत्रिकेचा निष्कर्ष खणखणीत होता: चांगल्या जमिनीपेक्षा पाण्यातलं पीक काही आपोआप जास्त येत नाही; ऊन, हवामान आणि निगा यांच्या मर्यादा दोन्हीकडे सारख्याच. त्याच पत्रिकेत दिलेलं क्षारांचं मिश्रण ‘होगलंड द्रावण’ म्हणून आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरलं जातं.

युद्धाच्या थोडं आधी आणि युद्धकाळात या पद्धतीला काम मिळालं. पॅसिफिकमधल्या वेक बेटावर पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानतळासाठी, अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर अमेरिकन सैन्यासाठी, इराकमधल्या हब्बानियाच्या तळावर ब्रिटिश हवाई दलासाठी. जिथे माती नाही किंवा असून निरुपयोगी, तिथे खडीच्या वाफ्यांत भाजी पिकू लागली. पण ही सगळी सरकारी किंवा बड्या कंपनीच्या पैशावरची शेती. टाक्या सिमेंटच्या, द्रावण पंपाने चढायचं-उतरायचं, तपासायला माणूस ठेवलेला.

कालिंपाँगला यातलं काहीच परवडणारं नव्हतं, म्हणून डग्लस यांनी एकेक वस्तू काढून टाकायला सुरुवात केली. पंप काढला. साठवणटाकी काढली. सगळ्यात धाडसाची गोष्ट म्हणजे द्रावणच काढून टाकलं.

त्यांचा वाफा असा. साधारण वीतभर खोलीचं कोणतंही भांडं चालेल. लाकडी खोकं, विटांची कड, जुने पत्र्याचे डबे. तळाशी निचऱ्याला भोकं. आत बारीक खडी आणि दगडाचा चुरा किंवा वाळू, अंदाजे पाचास दोन-तीन या प्रमाणात. हे प्रमाण हीच सगळ्याची गुरुकिल्ली. खडी जास्त झाली तर पाणी सरळ खाली जातं; चुरा जास्त झाला तर वाफा चिखलासारखा बसतो आणि मुळं गुदमरतात. मिश्रण जमलं की पाणी खड्यांभोवती पातळ पापुद्र्यासारखं धरून राहतं आणि मधल्या पोकळीत हवा खेळते. क्षार कोरडेच, आठवडा-दहा दिवसांनी एकदा रोपांच्या ओळींमध्ये भुरभुरायचे आणि वरून झारीने पाणी द्यायचं. द्रावण वाफ्यातच तयार होतं. खतांच्या दुकानात मिळणारं अमोनियम सल्फेट, सुपर फॉस्फेट, पोटॅश आणि मॅग्नेशियम सल्फेट हेच त्यातले मुख्य घटक. बाईने सकाळी अंगणात सडा घालावा तितक्या सहज जमणारी ही कृती होती, आणि तीच तिची खरी ताकद. 1951 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचं ‘हायड्रोपोनिक्स: द बेंगॉल सिस्टिम’ हे पुस्तक काढलं आणि बंगालचं नाव या विषयाला कायमचं चिकटलं.

या पद्धतीत एक उणीव राहिली होती. पाणी हातानेच द्यायचं. उन्हाळ्यात खडीचा वाफा मातीच्या वाफ्यापेक्षा फार लवकर सुकतो. एक दुपार चुकली तर रोपं माना टाकतात. ही उणीव ज्या शोधाने भरून निघाली, तो अगदी वेगळ्या मुलखातून आला.

सिम्खा ब्लास हे वॉर्सात जन्मलेले जलअभियंते. 1930 च्या दशकात पॅलेस्टाइनमध्ये एका शेतकऱ्याने त्यांना असं झाड दाखवलं, जे कुणी पाणी न घालता भोवतीच्या झाडांपेक्षा दांडगं वाढलं होतं. उकरून पाहिलं तर जवळच्या नळाचा सांधा थेंबथेंब गळत होता. ही गोष्ट ब्लास यांच्या मनात घर करून राहिली, पण त्यातून यंत्र घडायला प्लास्टिकचं युग उजाडावं लागलं. अडचण भोकाची होती. थेंब पडावा म्हणून भोक बारीक करावं, तर कणभर रेतीनेही ते बुजतं. ब्लास यांनी भोक मोठं ठेवलं आणि वाट लांब केली: पाणी लांबलचक बारीक नळीच्या वेटोळ्यातून फिरवलं, तर घर्षणानेच त्याचा जोर ओसरतो आणि टोकाला थेंब येतो. 1965 मध्ये नेगेव वाळवंटातल्या हात्झेरिम या किबुत्झबरोबर, म्हणजे सामूहिक वसाहतीबरोबर, करार होऊन नेताफिम कंपनी उभी राहिली. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात भवरलाल जैन यांच्या कंपनीने जळगावहून ठिबकचा प्रसार सुरू केला. केळी, द्राक्षं, डाळिंब यांच्या बागांत काळ्या नळ्या पसरल्या आणि ‘ठिबक’ हा शब्द गावोगावच्या बोलण्यात रुळला.

तरीही सुरुवातीचा खर्च लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होता. इथे पुन्हा एकदा वस्तू काढून टाकण्याचं काम झालं, आणि ते कोणत्याही शास्त्रज्ञाने केलेलं नाही.

मध्य प्रदेशातल्या निमाडात, खरगोनच्या बाजूला, 1990 च्या दशकाच्या अखेरीस कापसाचे शेतकरी पाण्याच्या टंचाईने जेरीला आले होते. विहिरी खोल गेलेल्या, आणि पावसाआधी कापूस लावायचा तर मे महिन्यात थोडं तरी पाणी हवंच. कुणाच्या तरी लक्षात आलं की शाळेबाहेर मुलं चोखतात त्या बर्फाच्या पेप्सीची प्लास्टिक नळी कारखान्यात रिळावर मिळते, आणि तीही किलोच्या भावाने. ती मुख्य पाइपाला जोडली, झाडापाशी सुईने टोचली, झालं ठिबक. नळी पातळ, एखादाच हंगाम टिके, उन्हाने आत शेवाळ धरे. पण एका हंगामाचा खर्च एका हंगामाच्या पिकातून निघत होता. कर्ज न काढणाऱ्या माणसाला त्यापेक्षा जास्त काही नको होतं. संशोधकांनी या ‘पेप्सी’ ठिबकवर अभ्यास लिहिले आणि त्याच धर्तीवर स्वस्त संच बाजारात आले. शेतकऱ्यांच्या हिशेबी शहाणपणाचा याहून स्वच्छ दाखला ठिबकच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

त्याआधी, 1970 च्या दशकात, न्यूयॉर्क राज्यातले रिचर्ड चॅपिन हे ठिबक उत्पादक सेनेगलमध्ये गेले आणि तिथल्या परसबागांसाठी पुढे त्यांनी बादलीचा संच बसवला. वीस लिटरची बादली मीटरभर उंचीवर टांगायची, खाली दोन नळ्या. वीज नाही, मोटार नाही. गुरुत्वाकर्षणावर सगळं चालतं.

डग्लस यांची खडी आणि चॅपिन यांची बादली एकत्र आली की आजच्या गच्चीवरचं स्वस्त हायड्रोपोनिक ठिबक तयार होतं. खडीऐवजी विटांचे तुकडे आणि धुतलेलं कोकोपीट, पत्र्याच्या डब्याऐवजी रंगाच्या रिकाम्या बादल्या. वरची बादली काळ्या रंगाने लिंपायची, नाहीतर ऊन आत शिरून हिरवं शेवाळ धरतं. ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोटी, निवडताना मात्र पुष्कळांची फसगत होते. शेतात चालणारे दाब-नियंत्रित ड्रिपर मीटरभर उंचीच्या दाबावर उघडतच नाहीत. तिथे साधी बारीक नळी, म्हणजे मायक्रोट्यूबच हवी. नळी जितकी लांब ठेवाल तितका थेंब संथ, म्हणजे ब्लास यांचंच तत्त्व, कात्रीने कापून जुळवण्याइतकं सोपं झालेलं. आठवड्यातून एकदा नुसतं पाणी सोडून साठलेले क्षार धुऊन काढावे लागतात. पावसाळ्यात उघड्यावरच्या डब्यांतले क्षार धो धो पावसाने आपोआपच वाहून जातात. तेव्हा पाऊस उघडल्यावर खुराक पुन्हा सुरू करायचा, इतकंच.

खुराकाच्या बाबतीत महाराष्ट्रात हाताशी असतं ते द्राक्षवाल्यांचं ‘एकोणीस-एकोणीस’ हे खत. कृषी केंद्रात किलोने मिळतं, पाण्यात लगेच विरघळतं, पालेभाजीला मानवतं. टोमॅटोचं गणित वेगळं. एकोणीस-एकोणीसमध्ये कॅल्शियम नसतं, मातीत असतं तसं ते खडीत किंवा कोकोपीटमध्येही नसतं, आणि फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. सह्याद्रीतल्या धरणांचं नळाचं पाणी मऊ, म्हणजे कॅल्शियम कमी असलेलं, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या गच्चीवर हा डाग लवकर दिसतो. काळ्या पाषाणातल्या बोअरच्या जड पाण्यावर बऱ्याचदा दिसत नाही. उपाय कॅल्शियम नायट्रेटचा. ते घट्ट स्वरूपात मॅग्नेशियम सल्फेटबरोबर किंवा एकोणीस-एकोणीसमध्ये एकत्र कालवलं तर पांढरा गाळ बसतो आणि मायक्रोट्यूब बुजते. म्हणून पॉलिहाऊसवाले ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन टाक्या ठेवतात. गच्चीवर टाक्यांची गरज नाही. एक दिवस एकोणीस-एकोणीस, दोन दिवसांनी कॅल्शियम नायट्रेट, असं आलटून पालटून बादलीत घातलं तरी भागतं.